साडेचारशे, खरं

रविवारी उद्यमबागेतल्या मोटारी गप्प असतात,
तेव्हा पत्रा तापल्याचा आवाज येतो, टण, टण.
लेथच्या बेडवर जुनं धोतर पसरून
मालूनं वही ठेवली, चष्मा पुसला.
सांगा आता, म्हणाली. काही लपवायचं नाही.

शेडचं भाडं अकरा हजार.
लाईट सहा हजार चारशे,
त्यातला स्थिर आकार मशीन बंद असलं तरी द्यायचा,
आम्ही झोपलो तरी मीटर आमचा जागा.
हप्ता आठ हजार सातशे. नेमिनाथचा पगार तेरा.
टिपा, तेल, कूलंट, हात पुसायच्या चिंध्या.
चिंध्या पण?
किलोवर मिळतात, म्हटलं, वडगावच्या मागांवरनं. लिही.
चार हजार नऊशे. चहाचे हजार.
घरचे अठरा तिनं न विचारताच लिहिले.
त्रेसष्ट हजार.

भागिले तास.
सव्वीस दिवस, आठ आठ तास, दोनशे आठ.
तीनशे तीन रुपये. सोपं आहे की, म्हणाली.

मी दोनशे ऐंशी घेत होतो, चार वर्षं,
कारण शेजारचा भरमू दोनशे ऐंशी घेतो.
आणि भरमू घेतो, कारण मी घेतो.

मग तिनं पेन माझ्यावर रोखलं:
आठच्या आठ तास मशीन फिरतंय?
फिरतंय, खरं...

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
कोल्हापूर ओलांडून पुण्याकडं गेलं
की लोक वाट बघत राहतात,
हा आता कसली कबुली देणार म्हणून.

फिरतंय, खरं लाईट जाते.
खरं टूलला धार लावायला लागते.
खरं जॉब सेंटरला धरेपर्यंत अर्धा तास जातो.
खरं थकलेलं बिल मागायला मच्छेपर्यंत स्कूटर,
तिथं साहेब जेवायला गेलेला.
खरं एखादा मोडका शाफ्ट मांडीवर घेऊन
मी नुसताच बघत बसतो, कुठनं मोडला, का मोडला.
ती एकेक आकडा खोडत गेली.
उरले एकशे चाळीस.

साडेचारशे.
दारात आलेल्या परक्या पोराकडं बघावं
तसे दोघं त्या आकड्याकडं बघत राहिलो.

आणि नेमिनाथला जे तीन तास लागतं
ते माझं चाळीस मिनिटांत होतं, ते कुठं मांडायचं?
बावीस वर्षं लोखंड घासून कमावलं काय,
तर तासावर गेलं की माझंच बिल लहान.
मग हळू करा, मालू म्हणाली.

संध्याकाळी बोर्ड रंगवायला दस्तगीर पेंटर आला.
तो तासावर बोललाच नाही.
मराठी अक्षर पंधरा रुपये,
कानडी वर आणि मोठं पाहिजे, त्याचे वीस.
आणि आकडे?
आकड्याला अक्षराचाच भाव. शून्याला पण. शून्य गोल काढायलाच वेळ लागतो.
रेट नंतर लिहू, म्हटलं.

सोमवारी हुक्केरीचा गुरसिद्दप्पा,
गिरणीचा शाफ्ट पोत्यात गुंडाळून, कपाळाला पीठ.
तासिगे एष्टु?

मीटर, चिंध्या, मच्छेची स्कूटर, सगळं
ओठापर्यंत आलं. भरमूची मशीन भिंतीपलीकडं ऐकू येत होती.
नाकनूर ऐवत्तु, म्हटलं.
आकडा कानडीत सांगितला म्हणून घाम काही कमी येत नाही.

आयतु, तो म्हणाला
आणि पोत्याची गाठ सोडायला लागला.

रात्री झोप नाही.
इतक्या पटकन आयतु?
म्हणजे हिशेबात काहीतरी राहिलंय.
उठलो, मोबाईलच्या उजेडात वही काढली,
भाड्यापासून चहापर्यंत बोट फिरवलं.
मालूचे रविवार कुठल्याच ओळीत नव्हते.

तुझा तासाला किती, विचारणार होतो.
झोपली होती, खरं.