अकरा सेकंद

परभणी, वसमत रोड, दुपारचे अडीच.
कॅबिनेटचं एक दार काढून ठेवलंय
आणि टेबलफॅन त्याच्या तोंडावर.
आम्ही दोघी घामात. आधी त्याचा जीव.

पडद्यावर सोन्याच्या कणांतून
चि. सौ. कां. उमटायचं आहे,
मग नवरीचं नाव, मग नवऱ्याचं,
मग पाकळ्या.
सगळं मिळून अकरा सेकंदांचं काम.
मशीन तीन सेकंद दाखवतं आणि थांबतं.
उरलेले आठ मी अंदाजानं करते,
लाईट गेल्यावर कुंकू लावावं तसे.

गल्ल्यात अडतीस हजार.
त्यातले सहा प्रणिताच्या पगाराचे,
म्हणजे बत्तीस.

कार्डावर माझा डोळा होता, पाडव्यापासून.
तीन पंख्यांचं, काळंभोर,
कडेनं निळा उजेड पाझरणारं.
रोज झोपताना त्याची किंमत बघायची,
घ्यायचं नसतानाही
सोन्याचा भाव विचारतात तशी.

मुजम्मिलभाई आला गुजरी बाजारातून,
खिशाला पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर.
पण त्यानं काहीच उघडलं नाही.
म्हणाला, "रेंडर लावा ताई, अन् हात काढा."
आणि आलेखांकडं बघत बसला,
उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसा.

"हे बघा. कार्ड झोपलंय तुमचं. नऊ टक्के.
रॅम भरून वाहायलीय, डिस्क शंभरावर.
पाव्हणे दारात खोळंबलेत
अन् तुम्ही आत सोफा घ्यायला निघालाव."

मला राग आला त्याचा.
तो बरोबर होता म्हणून जास्त आला.

प्रणितानं झेरॉक्सच्या पाठीवर लिहायला घेतलं:
रॅम चौसष्ट, दोन काड्या, एकाच जोडीतल्या.
एनव्हीएमई एक टीबी, नुसत्या कॅशसाठी.
जुनी डिस्क फेकायची नाही,
तिच्यात झालेली लग्नं ठेवायची.
"सप्लाय लिही," मुजम्मिल म्हणाला,
"अन् यूपीएसची बॅटरी."

सप्लाय कुणाला दाखवता येत नाही.
त्याला रंगीत दिवे नसतात,
त्यानं एक फ्रेमसुद्धा लवकर येत नाही.
पण मागच्या मे महिन्यात
शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली,
लाईटनं एकदाच डोळा मिचकावला,
आणि बोराड्यांचं बारसं
पाळण्यासकट गेलं होतं.
लिही म्हणाले. लिही, बाई.

सत्तावीस झाले. पाच उरले.
कॅबिनेटला दोन पंखे, आठशे.
बेचाळीसशे मी पाकिटात घातले,
पाकिटावर लिहिलं: कार्ड.
चहा घेऊन परत आले
तर खाडाखोड झालेली, वर प्रणिताचं अक्षर:
कूलर. माणसांसाठी.

चौथ्या दिवशी रात्री सगळं बसवलं.
टाइमलाइनवरची हिरवी रेघ
तीन सेकंदांपाशी नेहमी अडायची,
ती पुढं गेली. चार. सहा. नऊ.
वैशाखात इथं एवढं हिरवं
मी कुठंच बघितलं नव्हतं.

अकरा सेकंद, एका दमात.
सोनं उधळलं, नाव आलं,
आणि सातव्या सेकंदाला
नवरी हिसका बसल्यासारखी हलली.

परत लावलं. परत तिथंच.
पाच वर्षं तो झटका
मी मशीनच्या नावावर टाकत आले,
गिऱ्हाइकाला सांगत आले,
"प्रीव्ह्यू आहे हो, खरं असं नाही दिसत."
तिला मात्र बिचारीला
माझीच चूक दाखवता येत नव्हती.

मुजम्मिल पिशवी भरत होता,
उरलेले स्क्रू मोजून, कागदात बांधून.
"चालायलंय ना नीट?"
"चालायलंय," मी म्हणाले.
प्रणितानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं.

एक कीफ्रेम. माझीच.
धरली, आणि एक घर मागं ओढली.