तांब्यावरचं साल

माझा आजा, रुबाब तडवी,
सावदा स्टेशनच्या मालधक्क्यावर
केळीच्या वॅगनींचा हिशेब लिहायचा
आणि त्याच वहीच्या मागच्या पानापासून, उलटा,
गाण्यांचा.
या आठवड्यात कोणतं कितव्या पायरीवर,
कोणतं घसरलं,
कोणतं आमच्या पोस्टकार्डांनी वर चढलं.

नवतारा श्रोता संघ. सभासद अकरा,
त्यात कार्डांवर शिक्का मारणारा पोस्टमनही.
वर्षाचं पहिलं गाणं जो आधी ओळखेल
त्याचं नाव पितळी तांब्यावर.
एकनाथ भंगाळे दोनदा, नथू बारी एकदा,
एका साली, सगळ्यांचा विरोध असताना, पोस्टमन.

अडुसष्टचा डिसेंबर.
सेल दिवसभर उन्हात तापवलेले,
रेडिओ वजनकाट्यावर, सगळ्यांना दिसावा म्हणून.
काटा साडेचार किलोवर थरथरत होता.
तिसरं झालं. दुसरं झालं.
मग निवेदक थांबला,
त्याला नको तिथं थांबायची खोडच होती,
आणि तेवढ्यात
दिल्लीची मालगाडी हलली.
आधी एक डबा, मग त्याला ओढून दुसरा,
मग सगळा धक्का खडखडायला लागला.
गाडी गेली
तेव्हा सेलही गेले होते.

"कोनतं रे भो? कोनतं लागलं?"

भंगाळे म्हणाला, बासरी ऐकली मी, म्हणजे आपलंच.
बारी म्हणाला, ती इंजिनाची शिट्टी.
यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते होळीपर्यंत.
फैजपूरच्या संघानं निरोप पाठवून नाव सांगितलं,
पण ते आम्ही मानलं नाही.
फैजपूरकर आमच्याविरुद्ध कार्डं टाकायचे,
त्यांचा काय भरोसा.

तांबटानं साल आधीच कोरून ठेवलं होतं.
आमच्या घरी अजून आहे तांब्या:
१९६८, आणि पुढं नुसतं पितळ,
चिंचेनं घासून घासून गुळगुळीत झालेलं.

परवा मोबाइलवर शोधलं मी. बोटभर काम.
फैजपूरकर खरं बोलले होते.
हे सांगायला आजा नाही,
आणि फैजपूरला जाऊन कबूल करायची
माझी अजून तयारी नाही.

वही उलटून पुढच्या बाजूनं उघडली.
त्याच तारखेखाली त्याचं आडवं, ठाम अक्षर:
वॅगनी चाळीस. माल चांगला.
गाडी वेळेवर सुटली.