चोक आत ढकल

निवा घाटाच्या ऐन माथ्यावर तिसऱ्यांदा मेली
तेव्हा माझ्या मांडीवर लशींचा डबा होता,
डब्यातला बर्फ वितळत होता
आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा
दोन वर्षं सांगत होता तेच सांगत होता :
काहीतरी बिघडलंय.
काय, ते विचारायचं तर नारिनला जा,
तिथला पोरगा वायर जोडणार,
स्क्रीनवर चार आकडे येणार,
मग म्हणणार, हा डबा बिश्केकहून मागवावा लागेल ताई.

एका ट्रकनं दोर बांधून आत-बाशीपर्यंत आणलं,
सागिनालीच्या शेडच्या दारात.
त्यानं बॉनेट उघडलं,
दुसऱ्याच्या ताटात डोकावावं तसं आत पाहिलं,
म्हणाला, "हिची अक्कल काढू.
मग धावेल."

गाडी मेदेरची.
येकातेरिनबर्गच्या गोदामात पहिल्या वर्षी जे साठलं
त्यातून घेतलेली.
"इंजेक्शनवाली आहे," घरोघरी सांगत फिरला होता,
"उणे तीस असू दे, चावी फिरव, बस्स."
मी हसले होते. इंजेक्शनं मी रोज देते,
मेंढ्यांना, याकांना,
त्यातलं कोणी चावीसरशी उठत नाही.

त्याला विचारलं नाही.

चार इंजेक्टर फडक्यावर ओळीनं निजवले,
सेन्सर उपटले, त्यांच्या वायरी
कोकराच्या आतड्यासारख्या मनगटावर गुंडाळल्या.
टाकीतला पंप काढताना सागिनाली म्हणाला,
"हा फार जोरानं पाजतो. कार्बोरेटरला ठसका लागेल."
ब्लॉकच्या कुशीला एक पत्रा होता, दोन नटांवर.
तो उघडला, तर मागे जुन्या पंपाची जागा,
जशीच्या तशी,
कारखान्यानं नुसती झाकलेली.
आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत राहिलो.
"बघ," तो म्हणाला,
काय बघ, ते बोलला नाही.

कार्बोरेटर सासऱ्यांच्या झिगुलीचा.
अंगणात अकरा वर्षं उभी, चाकांविना,
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.
मी दात घासायच्या ब्रशनं पेट्रोलमध्ये घासला,
फ्लोट हलवून कानाशी धरला.
मेन जेटचं भोक आमच्या उंचीला मोठं :
इथं हवा पातळ, पेट्रोल तेवढंच, इंजिन गुदमरतं.
सागिनालीनं कथिल ओतून ते बुजवलं
नि माझ्याच सुईनं, कोकरांच्या बारीक सुईनं,
नवं पाडलं.
खालच्या गावांसाठी दुसरं जेट,
ते लशीच्या रिकाम्या बाटलीत,
बाटली माझ्या खिशात.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला.
सांगून टाकलं.
तिकडे शांतता. मग :
"जग पुढे चाललंय, तू मागे.
माझं अख्खं वर्ष होतं त्यात जिपारकुल,
रोज बारा तास उभं राहून..."
मी फोन फेंडरवर ठेवला.
चोक ओढला. चावी.
धूर, खोकला. पुन्हा चावी.
तिनं धरलं एकदाचं,
पायरी चुकल्यागत अडखळत, काळं ओकत,
आणि सागिनाली स्क्रूवर बोट ठेवून
कान देऊन उभा.

फेंडरवरचा फोन काहीतरी बोलत होता.
उचलला.
"चोक," तो ओरडत होता, "चोक आत ढकल गं,
अर्धा, अर्धाच, फार पितेय ती,
ऐकू येत नाही का तुला?"
ढकलला.
"अजून जरासा."
मग तोही काही बोलला नाही, मीही नाही,
रेंज जाईपर्यंत.

पिवळ्या दिव्याची वायर शेवटी कापली.
कॉम्प्युटरचं खोकं सागिनालीनं वर्तमानपत्रात बांधून दिलं,
ते सीटखाली आहे,
मेदेर आला की त्याचं त्याला देईन.

काल वरच्या कुरणात बहात्तर मेंढ्या टोचल्या,
उतरताना एकदाच थांबले, जेट बदलायला.
रात्री पाव मोडला, तर बोटांना पेट्रोलचा वास,
साबणानं जात नाही.
सासूबाई हुंगून म्हणाल्या, हा ओळखीचा आहे,
आणि दुसरा तुकडाही माझ्याच हातून मागितला.