कवडसा धरणारा

फर्दापूरच्या मुसाफिरखान्यामागं, कडुनिंबाखाली
त्यांचा मळका तंबू उभा राहिला
त्या साली टोळधाड आली होती. आकडा विचारू नका.
ती लोटे. गावानं तिची लोटाबाई केली,
तीही पाण्याचा लोटा उंचावून ओ द्यायची.
तो एमिल. दोघांचं लग्न झालेलं नाही
हे परटिणीनं आधी हेरलं.
तिसरा यानोश, मोहाची पिऊन
वाघूरच्या खडकावर सारंगीसारखं काहीतरी घासत बसायचा,
घुबडं त्याला उत्तर द्यायची.

मी सांडू, कौतिकचा पोरगा. काम आरसा धरायचं.
बाहेर ऊन पकडायचं, आत पांढऱ्या चादरीवर फेकायचं,
चादरीवरून ते भिंतीवर माझ्या नावासारखं सांडायचं,
की हजार वर्षं मिटलेला एक डोळा
हळूच उघडायचा.
सूर्य सरकला की मीही सरकायचो, बोटभर.
दिवसाला दोन आणे हाली.

जमादार करामत बेगनं चावडीमागं बोलावलं.
विलायतेत लढाई पेटायच्या बेतात आहे म्हणाला,
हे तिकडचे लोक,
काय बघतात, काय लिहितात,
दर शनिवारी येऊन सांगायचं. चार आणे.
आरशाचे दोन, डोळ्यांचे चार.

मी खरं तेच सांगत गेलो. देवाशप्पथ.
"आज निळं कमळ काढलं."
त्यानं लिहून घेतलं : निळं कमळ.
"हत्तीचा पाय राहिला, उद्या करू म्हणाले."
हत्ती. पाय. उद्या.
"यानोश पिऊन रडला, गावाचं नाव घेऊन."
कुठलं गाव? मला उच्चारता येईना.
त्यानं तिथं जागा कोरी सोडली,
आणि पुढं सगळ्यात वाईट
ती कोरी जागाच ठरली.

एमिलचं मात्र मला आजही उमगत नाही.
भिंतीपुढं तो कमीच बसायचा.
अजिंठ्याच्या घाटाची वळणं मोजायचा,
पहूरच्या स्टेशनावर जाऊन
छोट्या गाडीचे डबे मोजून यायचा.
म्हणे, चित्राला मोजमाप लागतं.
हे मी कुठल्याच शनिवारी सांगितलं नाही.
का, ते विचारू नका.
त्यानं मला सायकल शिकवली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लॉरी आली.
एमिल आदल्या रात्रीच सायकलीसकट गायब.
सापडली लोटे, सापडला यानोश,
दोन पोती कांदे, अन् चुन्यात कालवलेला गेरू
जो साहेबानं हुंगून बघितला.
मग माझा आरसा उलटापालटा केला.
"ह्यानं कुणाला इशारे करत होतास?"
म्हटलं, हुजूर, बुद्धाला.
थोबाडीत बसली.
जमादार तिकडं निंबोण्या मोजत उभा.

पंचनाम्यात तिची वही उघडली.
माकडं. भिक्षू. राजकन्येचं एक बोट, सात वेळा.
आणि मग मी.
मी, चावडीमागं, जमादारापुढं उकिडवा,
तोंड उघडं, दोन्ही हात हवेत कमळाएवढे.
खाली तारीख.
पुढचं पान, पुन्हा शनिवार.
सोळा शनिवार.
म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं,
तरी रविवारी सकाळी ती लेण्यातून हाक द्यायची,
"सांडू, उजेड!"
आणि मी द्यायचो.

लॉरीत चढताना तिनं मागं बघितलं, की बघितलं नाही,
धुरळा फार होता.
यानोशचं वाद्य निंबाखालीच राहिलं,
त्यात नंतर चिमण्यांनी घर केलं.

ती वही औरंगाबादला गेली, तिथून हैदराबादला,
पुढं कुठल्या दफ्तरात कसर लागून संपली असेल.
रेशनकार्डाच्या आधीचं माझं तेवढंच चित्र.
त्यात मी चार आण्यांना कुणाला तरी विकतोय.
नाक थोडं लांब काढलंय.
पण उजेड, काय सांगू तुम्हाला,
उजेड अगदी बरोबर पडलाय.