बटणं

कंपनीचं नाव चारदा बदललं.
कोट एकच राहिला:
आधी ग्रिफिदचा, मग त्याच्या मुलाचा, इद्वलचा.
बदलत गेली ती बटणं.

पहिली पितळी. तेव्हा कंपनी म्हणजे
स्लेटच्या खाणीमागचं ओढ्यावरचं एक जनित्र,
मालकाचा बंगला, मालकाचा तबेला,
आणि मेहेरबानी म्हणून, रविवारी, चॅपेल.
प्रवचन साडेसातच्या आत आटपायचं.
नंतर पाण्याची पाळी घोड्यांची.

दुसरी काळी, सरकारी.
कुम हेस्गिनमध्ये धरण झालं,
सात घरं आणि एक शाळा पाण्याखाली गेली.
उरलेल्या गावावरून तारा गेल्या शहराकडे,
अकरा वर्षं वरूनच गेल्या.
दिव्याखाली अंधार, अशी म्हण वेल्शमध्ये आहे का,
मी मॉर्विदला विचारलं.
तिनं नुसती खिडकी दाखवली.

वीज घरात आली त्या दिवेलागणीला
तिची सासू सवयीनं कंदिलाची काच पुसायला बसली.
पुसून झाल्यावर बल्बखाली धरून पाहते तर
कडेला काजळी, कितीतरी वर्षांची.
"एवढी वर्षं मी काय पुसत होते?" म्हणाली,
आणि रात्रभर घर झाडत राहिली.

तिसरी प्लॅस्टिकची.
कंपनी शेअरबाजारात गेली,
इद्वलनंही शंभर पौंडांचे शेअर घेतले,
पाच महिन्यांत विकून बायकोला विजेचं शिवणयंत्र आणलं.
बटणं मात्र तिनं हातानंच लावली.

चौथी आलीच नाहीत.
नव्या मालकांचं पत्र आलं: यापुढे
मीटरचा आकडा ग्राहकांनी फोनवर कळवावा.
इद्वलनं फोन लावला. पलीकडून कुणी पोरगी:
ग्राहक क्रमांक?
त्यानं सांगितला. मग शेजारच्या रोनवेनचा,
मग टेकडीवरच्या मेंढपाळाचा, त्याच्या चावऱ्या कुत्र्यासकट,
दोनशे बारा घरं, तोंडपाठ.
साठाव्या घराच्या आसपास
तिकडे संगीत वाजायला लागलं.

त्याला पुरला तो कोटातच.
बटणं कुठली लावलीस?
"एकेक सगळ्यांचं. खालचं काज मोकळं सोडलंय."

मग तिनं किटली लावली,
आणि जिन्याखाली
जुन्या मीटरची चकती
जरा घाईनं फिरू लागली.