मोजणी

घोडबंदर रोडला पाठ केली
आणि ट्रकांचा आवाज खांद्यावरून शालीसारखा घसरला.
पावणेसात. नागला बंदर. खाडीवर धुकं
इतकं दाट, की पलीकडची कांदळं
कुणी खडूच्या बोटांनी पुसलीत.

माझं काम सोपं : सगळ्यांत मागे चालायचं, माणसं मोजायची.
निघताना चौदा.
माकडटोप्या तीन, थर्मास पाच,
निमकरांची नवी काठी, किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली.

पायवाट करवंदीतून वर.
कुसळं मोज्यांत शिरतात, विचारत नाहीत.
पुढे हसुराम, पायात मुलाचे जुने बूट.
"इथं वाका," म्हणतो. वाकतो आम्ही.

मग भिंत.
म्हणजे बराच वेळ आपण वडच बघत असतो,
आणि मुळांच्या मुठीत
हळूहळू चौकोनी दगड दिसू लागतात.

रेगे सर सुरू झाले : चुना, शिंपल्यांची भुकटी, गलबतं, जकात.
बांधलं कोणी? यावर त्यांनी चष्मा पुसला.
तेवढ्यात सामंतबाई ओरडल्या, "खापर!"
काळं, जळकं, काठाला रेघ.
आम्ही श्वास धरून गोल उभे.
हसुरामनं ते हुंगलं.
"पोपटी. परवाची. आमच्याच पोरांची."
खरंच, बुरुजाच्या कुशीत राख,
वालाची टरफलं, भांबुर्ड्याचा करपलेला पाला.
हसून हसून खोकला लागला एकेकाला.
सामंतबाईंनी खापर टाकलं नाही मात्र. रुमालात बांधलं.

फ्लोरिन तुस्कानो हसत नव्हत्या.
दुकानात कापडावरून फिरवावा
तसा भिंतीवरून तळहात फिरवत होत्या.
"आमच्या मोरीत असलाच दगड आहे," म्हणाल्या,
"सासू त्यावर बोंबील साफ करायची.
कुठनं आला, कधी विचारलं नाही."
"आमच्या उंबऱ्याला पण हाय," हसुराम,
जरा खालच्या आवाजात.
रेगे सरांनी वही मिटली.

ऊन आलं. धुक्यातून आधी क्रेन वर आल्या,
मग टॉवर, मग कितीतरी वेळानं त्यांचे पाय.

उतरताना मोजले. पंधरा.
पुन्हा मोजले. पंधराच.
कोण वाढलं, ते थांब्यावर चहा घेताना कळलं :
सकाळी हसुरामला मी धरलंच नव्हतं.

तोवर तो मागे फिरला होता,
हातात निमकरांची काठी.
त्यांनीच दिली म्हणे.
चिठ्ठी तशीच, वाऱ्यावर.