सलग रेघ

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी पस्तीस वर्षं तेच विचारलं,
गडहिंग्लजला, सातवी ब च्या वर्गात,
हातात छडी, भिंतीवर नकाशा.

काल संमती चौगुलेचा फोन आला.
कर्कटकानं बाकावर नद्या कोरायची, ती.
आता ड्यूरेनच्या कागद गिरणीत पाणी तपासते.
म्हणाली, सर, इथली नदी
आपल्या हिरण्यकेशीएवढीच आहे. रूर.
बेल्जियमच्या दलदलीत उगवते,
जर्मनीतून वेडीवाकडी जाते,
हॉलंडात मोठ्या नदीला मिळते.
सीमेवर स्पेलिंग तेवढं बदलतं.
"आणि पासपोर्ट?"
"सायकल लागते, सर."

मग जरा थांबून:
पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत
मागं हटणाऱ्या फौजेनं
वरच्या धरणाच्या झडपा मोडून ठेवल्या.
दोन आठवडे पूर उतरला नाही.
अलीकडची फौज अलीकडं,
पलीकडची पलीकडं,
मधे नुसतं गढूळ पाणी.
गाव तर त्याआधीच विमानांनी निजवलेलं.
शेजारच्या म्हातारबाई अजून
झड लागली की धरणाची पातळी विचारतात.

मी काही बोललो नाही.
आपल्याकडंही विचारतात.

संध्याकाळी बंधाऱ्यावर गेलो.
बरगे घालायचं काम चाललेलं.
इराप्पा म्हणाला, गुरुजी,
हितनं खाली गेलं की पाणी कर्नाटकाचं.
नेमकं कुठनं रे?
त्यानं हात उचलला,
ऊस, पूल, वीटभट्टीचा धूर,
हात कुठं थांबवावा कळेना त्याला.
तसाच खाली आणला
आणि फटीत चिखल कोंबला.

माझी मल्लव्वा आत्या संकेश्वरला दिलेली.
घागर बुडवताना म्हणायची नीरु,
काखेला लावताना पाणी.
तिला कुणी हटकल्याचं आठवत नाही.

रात्री संमतीचा मेसेज:
सर, आठवतंय?
सीमा तुटक रेघेनं काढा,
नदी सलग, असं सांगायचा तुम्ही.
मी विचारलं होतं, का.

आठवतंय.
चाळीस पोरांत तिनं एकटीनं विचारलेलं,
आणि मी खडू झटकत म्हणालो होतो,
पुस्तकात तसं आहे. बस खाली.